लॉक गेलं, फाइली राहिल्या: लिनक्स मिंट, लिब्रेऑफिस आणि स्क्रायबस, नऊ महिन्यांनंतर

गेल्या आषाढात एका दुपारी दुकान उघडलं, संगणक सुरू केला आणि मराठी उमटेना. कीबोर्ड ठीक होता, पडदा ठीक होता. बंद पडलं होतं ते यूएसबीला लावलेलं बोटभर हार्डवेअर लॉक. मराठी टायपिंगचं जे सॉफ्टवेअर मी चौदा वर्षं वापरत होते, त्याला हे लॉक दिसलं नाही तर टायपिंग चालत नाही आणि त्याचे फाँटही उघडत नाहीत. कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं, ती आवृत्ती बंद झाली, लॉक बदलून मिळणार नाही, नवी आवृत्ती घ्या, आणि ती आता दर वर्षी पैसे भरून घ्यायची. माझ्या जुन्या फाइली तरी उघडतील ना, असं विचारलं. नव्या फाँटचं कोडिंग वेगळं आहे, खात्री देता येत नाही, असं उत्तर आलं.

कऱ्हाडला माझं अक्षरजुळणीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, मंडळांच्या स्मरणिका, आणि आसपासच्या गावांतल्या लेखकांची पुस्तकं. त्या दुपारी माझ्या हार्डडिस्कवर दीडशेच्या वर पुस्तकं होती. त्यातले काही लेखक आज हयात नाहीत. त्यांची हस्तलिखितं घरच्यांनी कधीच रद्दीत दिली असतील. त्यांचा शब्द न् शब्द माझ्याकडे होता, मी स्वतः टाइप केलेला, आणि तो वाचायची परवानगी एका मेलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याकडे होती. मला राग पैशांचा आला नाही. राग याचा आला की लेखकाचं लेखन, माझी मेहनत, आणि किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात.

ज्यांनी जुने फाँट वापरलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारं जागतिक मानक, रुळण्याआधीच्या मराठी फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह, आणि पडद्यावर दिसतो ‘क’. एका फाँटमध्ये जागाच जास्तीत जास्त २५६, त्यामुळे प्रत्येक कंपनीने अर्धी अक्षरं, काने, रफार आपापल्या सोयीने कुठेही बसवले. फाँट काढून घेतला की पुस्तकाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुरा उरतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी आपल्या छपाईच्या धंद्यात जुने फाँट आणि पानं मांडायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर अजून चालू आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. त्याच्या जिवावर आजही कितीतरी दिवाळी अंक निघतात.

भाचा पुण्याला संगणकाचं काम करतो. तो शनिवारी आला आणि म्हणाला, “मावशी, नवीन काही विकत घेऊ नकोस. आधी हे दोन महिने वापरून बघ.” पेनड्राइव्हवरून त्याने लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवली, तिच्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, कारण माझा संगणक जुना आहे आणि रॅम फक्त ४ जीबी. तासाभरात सगळं झालं. परवाना क्रमांक मागितला नाही, खातं उघडायला लावलं नाही, मोबाइल नंबर विचारला नाही. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत. म्हणजे भंगारात जायच्या वाटेवरचा संगणक अजून काही वर्षं रोजीरोटी देईल.

पहिले सहा आठवडे कठीण गेले, आणि ते मिंटमुळे नव्हे तर बोटांमुळे. माझा हात टाइपरायटरच्या कळपाटीवर बसलेला. मी इन्स्क्रिप्ट शिकायचं ठरवलं, कारण ती कळपाटीची प्रमाणित मांडणी आहे, कोणत्याही संगणकात आणि मोबाइलमध्ये सापडते, कुणा एकाच्या मालकीची नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ‘ऱ’, ‘ल’च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ‘ळ’. सातव्या आठवड्यात माझा वेग पूर्वीइतका झाला. जे हे वाचून बदल करायचं ठरवतील त्यांनी हे सहा आठवडे आधीच धरावेत. दिवाळी अंकांच्या हंगामात तर अजिबात सुरू करू नये.

आता लिब्रेऑफिस, म्हणजे कार्यालयीन कामाच्या मोफत प्रोग्रामांचा संच. रोजचं ऐंशी टक्के काम यातल्या रायटर या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये होतं. सुरुवातीलाच एक गोष्ट माहीत हवी, नाहीतर माणूस वैतागून सोडून देतो. यात रोमन लिपीचा फाँट आणि देवनागरीसारख्या लिपींचा फाँट वेगवेगळा ठरवावा लागतो. शैलीत, म्हणजे मजकुराचा फाँट आणि आकार एकदाच ठरवायच्या सोयीत, जाऊन रोमनचा आकार १४ केला तरी मराठी मजकूर जागचा हलत नाही. सेटिंगमधल्या भाषांच्या पानावर संयुक्त लिपींची सोय चालू करायची, तिथे मराठी निवडायची, आणि शैलीत दुसऱ्या भागातला फाँट बदलायचा. एकदा हे समजलं की प्रबंधाचं काम फार सुखाचं होतं. अनुक्रमणिका, तळटीपा, पृष्ठक्रमांक सगळं शैलीवर चालतं. शुद्धलेखन तपासणीच्या बाबतीत मात्र अपेक्षा मर्यादित ठेवा. मराठीत एका शब्दाला प्रत्यय लागत लागत ‘घरासमोरच्यांनाही’ होतं, आणि शब्दांची यादी कितीही मोठी केली तरी अशी रूपं निसटतात. प्रूफ डोळ्यांनीच वाचावं लागतं, ते पूर्वीही लागायचं.

पण मला लिब्रेऑफिसबद्दल खरी खात्री पटली ती वेगळ्याच कारणाने. भाच्याने माझ्या एका ओडीटी फाइलचं, म्हणजे रायटरच्या नेहमीच्या फाइलचं, नाव बदलून तिला झिप केलं आणि उघडून दाखवलं. आत साध्या मजकुराच्या फाइली होत्या, आणि त्यातल्या एकीत, खुणांच्या मध्ये मध्ये, माझा मराठी मजकूर जसाच्या तसा दिसत होता. लिब्रेऑफिस नाही, फाँट नाही, लॉक नाही, तरी वाचता येत होता. हा ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची रचना जाहीर आहे, ती वाचून उद्या कुणीही नवं सॉफ्टवेअर लिहू शकतो. चौदा वर्षं मी ज्याची किंमत मोजत होते त्यात हे नव्हतं.

जुन्या फाइलींची सुटकाही याच संचाने केली. लिब्रेऑफिसचा ड्रॉ हा भाग पेजमेकरच्या फाइली उघडतो. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ही सोय आहे आणि आमच्या धंद्यात ती कुणालाच ठाऊक नाही. मांडणी थोडी इकडेतिकडे होते, पण मजकूर मिळतो. अर्थात तो मिळतो त्या इंग्रजी चुऱ्याच्या रूपात. मग आम्ही दोघांनी एक छापील पुस्तक शेजारी ठेवून कोणत्या खुणेला कोणतं अक्षर याचा तक्ता बनवला. एकशे नव्वद नोंदी झाल्या. नुसत्या अदलाबदलीने भागत नाही. जुन्या फाँटमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, युनिकोडमध्ये उलट. ‘सर्व’मधला रफार जुन्या फाइलीत ‘व’च्या मागून येतो, युनिकोडमध्ये ‘र्’ हा ‘व’च्या आधी यावा लागतो. भाच्याने त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला आणि पहिल्याच पुस्तकात कऱ्हाडचं ‘कर्हाड’ झालं, वऱ्हाडचं ‘वर्हाड’.

हा ‘ऱ्ह’ आमच्या गावाच्या नावात आहे, म्हणून मी त्यावर अडून बसले. तेव्हा कळलं की तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या ‘र्’ला एक न दिसणारी जोडखूण लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. आम्ही सगळीकडे ‘ऱ’ हेच ठेवलं. तुम्ही संस्थेचं, गावाचं, घराण्याचं लेखन जतन करत असाल तर हा निर्णय पहिल्या दिवशी करा.

मधल्या काळात अनेकांनी सुचवलं की ऑनलाइन कन्व्हर्टर आहेत, त्यात मजकूर चिकटवा. मी ते केलं नाही. माझ्याकडे लोकांची मृत्युपत्रं येतात, अप्रकाशित कविता येतात, शोधनिबंध येतात. ते ज्या विश्वासाने दिलेले असतात तो विश्वास कुठल्या अनोळखी सर्व्हरवर चिकटवायचा अधिकार मला नाही. त्या पेटीत टाकलेला मजकूर पुढे कुठे साठतो, कोण वाचतं, हे कळायला माझ्याकडे काही मार्ग नसतो. घरातल्या संगणकावर चालणारा, ओळ न् ओळ वाचता येणारा प्रोग्राम मला बरा.

पुस्तकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस. छापखान्याला चार रंगांत फोडलेली पीडीएफ लागते, ती लिब्रेऑफिस देत नाही, स्क्रायबस देतं. पूर्वी स्क्रायबसमध्ये देवनागरीची जोडाक्षरं तुटायची, म्हणून मराठीसाठी ते निरुपयोगी मानलं जायचं. ही अडचण १.५ च्या टप्प्यात सुटली आणि जानेवारी २०२४ च्या १.६ या स्थिर आवृत्तीत ते काम सर्वांपर्यंत आलं. ते कुणी केलं हे कळल्यावर मी थोडा वेळ गप्प बसले. त्या कामात मोठा वाटा ओमानमधल्या एका गटाचा आहे. त्यांना अरबी नीट छापायची होती. गुंतागुंतीच्या लिपी जुळवण्याची सोय त्यांनी केली, आणि कोड खुला, म्हणजे कुणालाही वाचता आणि वापरता येणारा, असल्यामुळे तीच सोय देवनागरीला मिळाली. ओमानमधल्या कुणाच्या गरजेमुळे आज कऱ्हाडमध्ये माझं पान जुळतंय. बंद सॉफ्टवेअरमध्ये असं होऊच शकत नाही, तिथे मराठीची पाळी येते ती गिऱ्हाईक पुरेसं असेल तेव्हा.

फाँटांचंही तेच. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, आणि खास मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असलेला ‘टिरो देवनागरी मराठी’ हे माझे रोजचे फाँट. तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत. पुस्तकात वापरा, पीडीएफमध्ये बसवा, दुसऱ्याला द्या, गरज पडली तर बदला. आता लेखकाला फाइल देताना मी फाँटही सोबत देते. पूर्वी हे करणं म्हणजे चोरी ठरली असती.

त्रास सांगते. माझा जुना प्रिंटर मिंटवर चालला नाही. बनवणाऱ्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हरच दिलेला नव्हता. तीन आठवडे खटपट करून शेवटी दुसरा घ्यावा लागला, तेव्हा बदलाआधी प्रिंटरचं मॉडेल तपासा. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या डॉक्स, म्हणजे वर्डच्या, फाइलीतला फाँट माझ्याकडे नसला तर ओळी सरकतात आणि पानं वाढतात. म्हणून मी सोबत पीडीएफ मागतेच. पेजमेकरवर काम करणारे ऑपरेटर माझी फाइल पुढे चालवू शकत नाहीत, त्यामुळे दोन जुनी कामं हातची गेली.

आणि एका सरकारी कार्यालयाचा अर्ज भरायला जे साधन लागतं ते फक्त एकाच कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं. त्यासाठी मला शेजारच्या दुकानात जाऊन बसावं लागतं. हे मला मान्य नाही. केंद्र सरकारचं ई-प्रशासनातल्या खुल्या मानकांचं धोरण २०१० चं आहे. सरकारशी बोलायला नागरिकाने अमुक एका कंपनीचं गिऱ्हाईक असायलाच हवं, ही अट कुणी घालू नये. मी त्या कार्यालयाला तसं लेखी कळवलं आहे आणि पोच ठेवली आहे.

या सॉफ्टवेअरचे पैसे कुणी मागत नाही, पण मी देते. त्या टायपिंग सॉफ्टवेअरच्या वर्षाच्या भाड्याला जी रक्कम गेली असती तिचा चौथा हिस्सा लिब्रेऑफिस सांभाळणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनला पाठवला. आमच्या धंद्यातल्या बाकीच्यांनीही थोडं थोडं पाठवावं असं मला वाटतं. मराठी शुद्धलेखन तपासणी सुधारायची असेल तर ते काम कुणातरी मराठी माणसालाच करावं लागणार.

आजवर एकशे बारा पुस्तकं युनिकोडमध्ये आली. बाकीची रोज रात्री दुकान बंद केल्यावर तासभर करते. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांचं गावच्या बोलीतल्या शब्दांचं पुस्तक मी बारा वर्षांपूर्वी जुळवलं होतं. वडील आता नाहीत, घरात एकच प्रत उरली आहे, तीही वाळवी लागलेली. “ताई, तुमच्याकडं काही शिल्लक असंल का?” त्यांनी भीतभीतच विचारलं. मी फाइल उघडली, शोधात ‘ऱ्ह’ टाकला, आणि वडिलांनी नोंदवलेले तसे सगळे शब्द एकापाठोपाठ एक पिवळे होत गेले. ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागले. जाताना मी त्यांना पेनड्राइव्ह दिला: ओडीटी, पीडीएफ आणि फाँट. दुसरी आवृत्ती कुणाकडूनही करून घ्या म्हटलं.