ट्रिपसाठी काढलेली आरडी : 11 महिने हप्ते भरून, मे महिन्यात फिरून आल्यानंतरचा अनुभव

आरडी (रिकरिंग डिपॉझिट, म्हणजे बँकेत दरमहा ठरावीक हप्ता भरायचा) ही काही नवीन वस्तू नाही, आपल्या आईवडिलांनी पण केलेली आहे, तिचा काय रिव्ह्यू लिहायचा असं वाटेल कोणाला. पण आम्ही ती फक्त फिरायला जाण्यासाठी म्हणून काढली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत नेटाने चालवली, आणि त्यात ज्या गोष्टी कळल्या त्या मला आधी कोणी सांगितल्या असत्या तर दोन वर्षं वाचली असती. म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मी, नवरा, दोन मुलं (मोठी 11, धाकटा 6) आणि सासूबाई, त्यांना सत्तरावं चालू आहे. माझं ऑफिस वागळे इस्टेटला, नवऱ्याचं ऐरोलीला. पगार दोघांचे ठीकठाक आहेत, घराचा हप्ता आहे, म्हणजे पैसे नाहीत असं नाही पण उरत पण नाहीत. दरवर्षी मे महिना आला की तेच, मुलांना सुट्टी, शेजारचे कुठे कुठे जाऊन येतात आणि आम्ही चार दिवस गावाला.

याच्या आधी काय काय करून झालंय ते पण सांगते. पहिली भिशी. सोसायटीतल्या आम्ही 12 जणी, महिना 2 हजार, सगळ्या ओळखीच्या, एक रुपया बुडाला नाही. पण माझा नंबर लागला ऑगस्टमध्ये. गणपती तोंडावर, त्यात फ्रिज बंद पडला, 24 हजार आले तसे गेले. भिशी वाईट नाही, पण पैसे कधी हातात येणार ते आपल्या हातात नसतं आणि ट्रिपसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. दुसरं म्हणजे एका ट्रॅव्हल कंपनीची स्कीम, 11 हप्ते तुम्ही भरा बारावा आम्ही भरतो. ऐकायला इतकं छान वाटलं की नीट वाचलंच नाही. वर्ष संपलं तेव्हा कळलं की त्या रकमेत मे आणि दिवाळीच्या तारखा बसतच नाहीत, बसवायच्या तर वर फरक भरा, आणि टूर नको असेल तर पैसे परत नाहीत, कूपन. शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराने मे आणि दिवाळी सोडून जायचं तरी कधी? शेवटी जुलैमध्ये मुलांच्या शाळा बुडवून तीन दिवस गेलो, तिन्ही दिवस पाऊस. त्या वर्षी मी खरंच रडले होते.

मग आरडी. गेल्या वर्षी 7 एप्रिलला उघडली, महिना 6 हजार, 11 महिने, साडेसहा टक्के, पगाराच्या खात्याच्याच बँकेत, मोबाइलवरून पाच मिनिटांत. पोस्टाची पण बघितली होती, तिथे 6.7 टक्के आहे आणि महिना 100 रुपयांपासून सुरू करता येते, पण ती 5 वर्षांची असते आणि 3 वर्षांच्या आधी बंद करता येत नाही. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी वगैरे उत्तम, दरवर्षीच्या ट्रिपसाठी उपयोग नाही. घराजवळच्या एका पतपेढीत व्याज जास्त मिळत होतं पण नवरा म्हणाला नको, आणि त्याचं बरोबर होतं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतपेढीला तो नसतो. एका ट्रिपच्या पैशावर एक टक्का जास्त मिळून वर्षाला तीनशे-साडेतीनशे रुपये सुटतात, तेवढ्यासाठी जिवाला घोर कशाला.

व्याजाचं खरं सांगू का, व्याजासाठी आरडी काढूच नका. 66 हजार भरले, त्यावर दोन हजारांच्या थोडं वर व्याज मिळालं, बास. आरडीचं खरं काम हे की महिन्याच्या सुरुवातीलाच ते 6 हजार डोळ्यासमोरून जातात. मी आधी 'महिनाअखेर उरेल ते ट्रिपला' असं करून बघितलंय, एक महिना सुद्धा काही उरलं नाही. आणि मोडायची म्हटली तरी मोडता येते, एक टक्का व्याज कमी मिळतं एवढंच, पण अॅपवर जाऊन 'क्लोज' दाबताना हात थांबतो. बचत खात्यातले पैसे उचलताना असा थांबत नाही.

माझा पण थांबला नव्हता हं एकदा. ही दुसरी आरडी आहे आमची. त्याच्या आदल्या वर्षी पण काढली होती आणि जूनमध्ये, दोनच हप्ते झाले असताना, मोडली. कारण शाळेची फी, पुस्तकं, रेनकोट, गणवेश सगळं एकदम आलं. तेव्हा मी स्वतःला दोष देत बसले. नंतर वर्षभराच्या खर्चाची वही काढून बघितली तर लक्षात आलं की प्रॉब्लेम माझ्या मनोनिग्रहाचा नव्हताच. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू-तांदूळ आणि मसाला, जूनमध्ये शाळा, पावसाळ्याआधी स्कूटरचं काम, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती, मग दिवाळी, जानेवारीत इन्शुरन्स. हे सगळे खर्च दरवर्षी त्याच महिन्यात येतात आणि आम्ही दरवर्षी ते अचानक आल्यासारखे वागतो! आणि मग ट्रिपचे पैसे हेच घरातले एकमेव मोकळे पैसे असल्यामुळे पहिला हात त्यांच्यावर पडतो. म्हणून यावेळी दोन आरड्या काढल्या, एक ट्रिपची आणि दुसरी अडीच हजारांची, शाळा आणि इन्शुरन्ससाठी. या अनुभवातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या, कारण दुसरी होती म्हणून पहिली टिकली.

हे साडेआठ हजार आणले कुठून ते सगळे विचारतात. पोटाला चिमटा नाही काढला. दोन महिने नुसती वही लिहिली, काही बंद न करता, आणि मग बघितलं. शनिवार-रविवार बाहेरून मागवणं हे सगळ्यात मोठं भोक होतं, चार वीकेंडचे मिळून साडेचार हजार, आणि खाल्लेलं आठवत पण नव्हतं. आता महिन्यातून एकदाच, पण राम मारुती रोडला जाऊन, नीट बसून. दुसरं रिक्षा. 1 फेब्रुवारी 2025 पासून मिनिमम 23 चं 26 झालं, आम्ही दोघं रोज स्टेशन आणि ऑफिसला वेगवेगळ्या रिक्षा करत होतो, आता जाताना बस आणि येताना उशीर झाला तरच रिक्षा. भाजी आठवड्यातून एकदा जांभळी नाक्याहून. तीन ओटीटी होते, एक ठेवला. मुलांचं दूध, फळं, क्लास यातलं काही कमी केलं नाही आणि सासूबाईंची औषधं तर प्रश्नच नाही. जिथे कोणाला तरी रोज जाणवेल अशी काटकसर दोन महिन्यांच्या वर टिकत नाही, हे मी बघितलंय.

आता कुठे अडचण आली ते. ऑक्टोबरचा हप्ता चुकला. आरडी नवऱ्याच्या खात्यातून जात होती, तारीख 7, आणि त्या महिन्यात त्याचा पगार तीन दिवस उशिरा झाला. बँकेने शंभराला दीड रुपया या हिशोबाने 90 रुपये दंड लावला. रक्कम छोटी आहे पण मेसेज आला तेव्हा दोघांची चांगलीच वादावादी झाली. पगाराची तारीख आणि हप्त्याची तारीख यात दोन-तीन दिवसांची मोकळीक ठेवा, किंवा ज्याचा पगार वेळेवर होतो त्याच्या खात्यातून लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅच्युरिटी, म्हणजे मुदत संपून पैसे हातात येण्याची तारीख. बहुतेक लोक मेची ट्रिप म्हणून एप्रिलअखेर पैसे मिळतील असं धरतात. पण पैसे ट्रिपच्या तारखेला लागत नाहीत, बुकिंगच्या तारखेला लागतात. रेल्वेचं आगाऊ बुकिंग आधी 120 दिवसांचं होतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांचं झालं. आम्हाला केरळला जायला 8 मेची नेत्रावती एक्सप्रेस पाहिजे होती (ठाण्याला थांबते, लोकलने पनवेल-कुर्ल्याला जायची गरज नाही, सासूबाई बरोबर असताना हे फार मोठं सुख आहे), तर तिचं बुकिंग उघडलं 9 मार्चला सकाळी 8 वाजता. म्हणून 12 नाही तर 11 महिन्यांची आरडी. 7 मार्च, शनिवार, दुपारी मी ऑफिसमधून निघत होते तेव्हा मेसेज आला, 68 हजार आणि वर थोडे जमा. तिथे गेटवरच उभी राहून मी नवऱ्याला फोन केला, दोघांना काय बोलायचं ते सुचेना. सोमवारी सकाळी 8 ला दोघं दोन मोबाइल घेऊन बसलो, मुलं शाळेचे बूट घालून शेजारी उभी. पाचही कन्फर्म, थर्ड एसी, एकाच डब्यात. आधार पडताळणी केलेलं अकाउंट लागतं, ते आदल्या आठवड्यात करून ठेवलं होतं. तिकिटाचं बजेट करताना एक लक्षात ठेवा, 5 ते 12 वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ पाहिजे तर पूर्ण भाडं लागतं, आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंदच आहे. म्हणजे आमची पाच पूर्ण तिकिटं, जाऊन येऊन वीस हजारांच्या आसपास. एसटीत उलट आहे, बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आणि 75 वरच्यांना फुकट, त्यामुळे गावाला आम्ही आता गाडी न करता खोपटहून एसटीनेच जातो.

घरात अजून एक बचत चालली होती, ती मुलांची. श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली, त्यात घरात येणारं दहाचं प्रत्येक नाणं टाकायचं असा नियम. मार्चमध्ये चादर पसरून ओतला. धाकट्याने दहा-दहाच्या चळती लावल्या, मोठी वहीत रेघा मारत होती, सासूबाई चष्मा लावून कोणत्या नाण्यावर काय चित्र आहे ते बघत होत्या, एक चळत पडली की परत मोजायचं. 4,370 रुपये! दुकानदार कधीकधी म्हणतात हे नाणं चालत नाही, पण रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगितलंय की दहाच्या नाण्याची 14 डिझाइन्स आहेत आणि सगळी चालतात. आमच्या भाजीवाल्या मावशींनी तर सुट्टे म्हणून आनंदाने घेतली, दोन फेऱ्यांत संपली. हे पैसे मुलांनी खर्च करायचे असं ठरलं होतं.

ट्रिपबद्दल थोडक्यात. एर्नाकुलम, मुन्नार, आलप्पुळा, सहा रात्री. राहणं 18 हजार, मुन्नारची गाडी 15, खाणं 11, बाकी किरकोळ. हाऊसबोट आमच्या बजेटच्या बाहेर होती आणि मुलीचा चेहरा उतरला होता. पण तिथे राज्य सरकारच्या जलवाहतूक विभागाची प्रवासी बोट आहे, आलप्पुळाहून कोट्टयमला जाते, अडीच तास, माणशी तीसेक रुपये. गावातले लोक पिशव्या घेऊन चढतात, शाळकरी पोरं उतरतात, दोन्ही बाजूला भातशेती पाण्याच्या पातळीच्या खाली. मुलीने डब्यातल्या पैशातून पाच तिकिटं स्वतः काढली आणि कंडक्टरने दिलेली ती तिकिटं अजून तिच्या कंपासपेटीत आहेत. कोचीत वॉटर मेट्रो पण केली, 20 ते 40 रुपये तिकीट, एसी आणि स्वच्छ. सासूबाई पहिल्यांदाच महाराष्ट्राच्या बाहेर आल्या होत्या. परतीच्या गाडीत त्या मला म्हणाल्या, "अगं, ह्यांनी पण दरवर्षी म्हटलं होतं जाऊ, पण राहूनच गेलं बघ." मी काही बोलले नाही, त्यांच्या अंगावर चादर घातली.

घरी आलो तेव्हा कार्डावर एक रुपया बाकी नव्हती. दोन वर्षांपूर्वी गोव्याला कार्डावर जाऊन आलो होतो, त्याचे हप्ते गणपतीपर्यंत भरत होतो, फोटो बघावेसे वाटत नव्हते. हे फोटो आम्ही रोज बघतोय.

तक्रार म्हणाल तर दोन. पैसे मॅच्युरिटीला बचत खात्यातच येऊन पडतात आणि घरखर्चात मिसळतात, तर त्यासाठी वेगळं खातं असेल तर बरं, मी आता झिरो बॅलन्सचं उघडलंय. आणि मध्येच हप्ता वाढवता येत नाही, नवऱ्याला दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा तो आरडीत टाकता आला नाही, वेगळी एफडी करावी लागली.

नवीन आरडी फिरायला जायच्या आधीच, 2 एप्रिलला सुरू केली. यावेळी माझ्या खात्यातून, कारण माझा पगार 1 तारखेला होतो, आणि हप्ता साडेसहा हजार. गेल्या वेळी मॅच्युरिटीचा शनिवार आणि बुकिंगचा सोमवार यात फारच कमी वेळ होता, मध्ये सुट्टी आली असती तर काय झालं असतं या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती. यावेळी 2 मार्च येतोय. मंगळवार आहे, कॅलेंडरमध्ये बघून घेतलंय.