इलेक्ट्रॉन: वजनदार, पण भरवशाचे

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला इंटरफेस विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सवर डेस्कटॉप ॲप म्हणून चालवायचा असेल, तर इलेक्ट्रॉनचेच नाव बहुधा सर्वांत आधी पुढे येते. २०१३ मध्ये गिटहबने ॲटम या एडिटरसाठी ‘ॲटम शेल’ म्हणून सुरू केलेल्या या फ्रेमवर्कला २०१५ मध्ये आजचे नाव मिळाले. ज्या ॲटमसाठी ते घडवले गेले तो २०२२ च्या अखेरीस बंद झाला. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर मात्र आजही याच पायावर उभा आहे.

इलेक्ट्रॉनवरचा नेहमीचा आक्षेप वजनाचा असतो आणि तो खोटा नाही. प्रत्येक ॲपसोबत क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) द्यावे लागत असल्याने एका बटणाचे ॲपही १०० मेगाबाइटच्या पुढे जाते, आणि अशी चार ॲप उघडली की मेमरीत जणू चार ब्राउझर येऊन बसतात. पण इंजिन सोबतच असल्यामुळे जी मांडणी विकसकाच्या पडद्यावर दिसली तीच वापरणाऱ्यालाही दिसते, आणि माझ्या मते हे वजन त्यासाठीच सोसायचे असते. टॉरीसारखा पर्याय संगणकातलाच वेबव्ह्यू, म्हणजे ॲपमध्ये वेबपान दाखवणारा घटक, वापरतो, म्हणून त्याची ॲप काही मेगाबाइटांत मावतात. मात्र मग विंडोजवर क्रोमियमचे वंशज आणि मॅक व लिनक्सवर वेबकिट या दुसऱ्या ब्राउझर-इंजिनाची निरनिराळी रूपे, अशी तिहेरी तपासणी पदरी पडते.

सुरक्षेबाबत इलेक्ट्रॉन उशिरा शहाणे झाले. नोडचे अधिकार थेट पानाला मिळाले, तर पानात घुसलेली एखादी स्क्रिप्ट वापरणाऱ्याच्या फाइलींपर्यंत पोहोचू शकते. म्हणून ५ व्या आवृत्तीपासून ते अधिकार मुळातच बंद ठेवले गेले आणि १२ व्या आवृत्तीपासून कॉन्टेक्स्ट आयसोलेशन (पानाचा कोड ॲपच्या आतल्या कोडपासून वेगळा ठेवणे) आपोआप चालू झाले. जुनी ट्यूटोरियल वाचून या दोन्ही सेटिंग उलट करणारे अजूनही भेटतात. त्यांनी प्रीलोड स्क्रिप्टमधून (पानाच्या आधी चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) मोजकीच फंक्शने पानाला द्यावीत. काम थोडे वाढते, पण तेवढे करायलाच हवे.

दिवसभर उघड्या राहणाऱ्या एडिटरसाठी किंवा चॅटसाठी मी इलेक्ट्रॉन निःशंकपणे सुचवेन, क्लिपबोर्ड सांभाळणाऱ्या छोट्या साधनासाठी मुळीच नाही. निवडण्यापूर्वी एक हिशेब मात्र करावा: साधारण दर ८ आठवड्यांनी नवी मोठी आवृत्ती येते आणि केवळ शेवटच्या ३ आवृत्त्यांनाच दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे सहा महिने अद्ययावत न केलेले ॲप क्रोमियमच्या उघड झालेल्या त्रुटी तशाच घेऊन वापरणाऱ्याच्या संगणकावर चालत राहते.