खिशातल्या पिस्तुलाला .32च घ्या

भावांनो लायसन्स हातात आलंय आणि खिशात मावणारं पिस्तूल बघताय तर सरळ .32 (म्हणजे .32 इंच बोअरचं) घ्या. 9 एमएम आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या लायसन्सवर मिळत नाही, तो विषयच बंद, मग राहतंय काय तर .22, .25 आणि .32. टार्गेटला .22 एक नंबर, आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलला गोल्ड मारलं ते .22 वरच, धक्का पण जवळजवळ नाहीच. पण .22 ची गोळी रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत, ती कधी कधी फुसकी निघते, जिवाचा प्रश्न असताना मी तिच्यावर भरवसा टाकणार नाही. .25 सेंटरफायर आहे, म्हणजे मसाला बुडाच्या मधोमध, पण गोळी जेमतेम 50 ग्रेनची (साधारण सव्वातीन ग्रॅम). .32 ची 71 ग्रेन, आणि छोट्या पिस्तुलात पण हाताला झेपते.

एक मात्र लय महत्त्वाचं, .32 च्या काडतुसाला बुडाशी बारीक कड असते, मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागं गेली की पिस्तूल अडकलंच समजा, म्हणून वरची कड कायम पुढंच बसली पाहिजे, आणि आखूड होलो पॉइंटमध्ये (नाकाला खळगा असलेली गोळी) हा त्रास जास्त, त्यामुळं गोल नाकाची फुल मेटल जॅकेटच (धातूच्या आवरणाची गोळी) मागा.