पिवळं फूल, चार पाकळ्या: मोहरी, तिळवण की पिवळा धोत्रा?

श्रावणात टेकडीच्या रस्त्याकडेला पिवळं फूल दिसलं की आमच्या सोसायटीतल्या काकू ठामपणे सांगतात, "रानमोहरी आहे, फोडणीला चालते." फोडणीचं एका परीने खरं, मोहरीचं नाही. मोहरी रब्बीची. सांडलेल्या दाण्यातून ती रस्त्यावर उगवते, पण फुलते थंडीत. पावसाळ्यात दिसते ती बहुधा पिवळी तिळवण.

खोडाला बोट लावून बघा. तिळवण चिकटते आणि तिचा उग्र वास हात धुतल्यावरही रेंगाळतो. एका देठावर तीन ते पाच पानं, पंजासारखी. मोहरीचं पान एकसंध असतं, खालची पानं मुळ्यासारखी कातरलेली. मोहरीच्या पाकळ्या अधिकच्या चिन्हासारख्या मांडलेल्या आणि पुंकेसर सहा, त्यातले दोन आखूड. तिळवणीच्या चारही पाकळ्या वरच्या अंगाला कललेल्या, पुंकेसर दहा किंवा त्याहून जास्त. शंका उरलीच तर शेंग सोला: मोहरीच्या शेंगेत मधोमध पातळ पडदा असतो, तिळवणीच्या केसाळ शेंगेत तो नसतो.

काकूंचं अगदीच चुकत नाही म्हणा. 1998 च्या एपीजी वर्गीकरणाने (फुलझाडांची डीएनएवर आधारलेली कुळवार मांडणी) तिळवणीला मोहरीच्याच कुळात बसवलं होतं. 2009 मध्ये तिचं कूळ पुन्हा वेगळं झालं. उत्तराखंडात तिचं बी 'जख्या' म्हणून फोडणीत तडतडतं.

खरी भीती तिसऱ्याची. पिवळा धोत्रा अफूच्या कुळातला. पाकळ्या चार ते सहा, कागदासारख्या पातळ. पानं काटेरी, त्यांवर पांढरट शिरा. देठ मोडला की हळदीसारखा पिवळा चीक. झाड उभं असेल तर चुकायला वावच नाही. बी मात्र मोहरीएवढं, गोल, काळपट. 1998 मध्येच दिल्लीत त्याच्या तेलाची भेसळ असलेलं मोहरीचं तेल खाऊन साठहून अधिक माणसं दगावली.

म्हणून खायचं असेल तर उभ्या झाडाची, स्वतः ओळखलेली शेंगच तोडा, तीही वाहत्या रस्त्यापासून लांबची. पिवळ्या धोत्र्याचं काटेरी बोंड वाळलं की वरून उकलतं आणि बी तिथेच मातीत सांडतं. त्या पट्ट्यातलं जमिनीवरचं बी मी उचलत नाही.