रूथ बॅन्क्रॉफ्ट गार्डन, वॉलनट क्रीक: झाड घ्यायच्या आधी इथे चक्कर मारा

बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, लॉन काढून कमी पाण्याची बाग करायचं चाललं असेल आणि मधोमध एखादं उठून दिसणारं झाड हवं असेल, तर आधी इथे जाऊन या. यांची नर्सरी आहेच, पण आत बागेतही जा, कारण युक्का रोस्ट्राटा, मेक्सिकन ब्लू पाम असली झाडं इतकी आस्ते कदम वाढतात की कुंडीतलं रोप बघून पुढे काय होणार याचा काही म्हणजे काही अंदाज येत नाही, आणि आत मोठी झालेली झाडं समोर उभी असतात.

ब्लू पामच्या अगदी जवळ जाऊन बघा. लांबून नुसती चंदेरी-निळी, पंख्यासारखी पानं दिसतात, जवळ गेलं की कळतं देठाच्या दोन्ही कडांना आकडेवाले काटे आहेत. पायवाटेला चिकटून लावलात तर येताजाता कपडे फाटलेच समजा. मोठ्या दुकानांत लेबलवर "ड्रॉट टॉलरंट, फुल सन" एवढंच लिहून मोकळे होतात, हे कोण सांगणार!

रूथबाईंचा जन्म १९०८चा, म्हणजे घरच्या अक्रोडाच्या जागेवर १९७२मध्ये ही बाग लावायला घेतली तेव्हा साठी उलटून गेलेली. त्याच डिसेंबरात कडाक्याची थंडी पडून बरीचशी लागवड गेली, तर बाईंनी परत लावली!! पुढे १०९ वर्षं जगल्या, त्यामुळे सावकाश वाढणारी झाडं त्यांना मोठी झालेली बघायला मिळाली. म्हणून "आता या वयात कशाला" म्हणणाऱ्या सासूबाईंना इथे जरूर न्या. थंडीवरून आठवलं, कॅनरी बेटांवरचा ड्रॅगन ट्री फोटोत भारी दिसतो पण त्याला हिम सोसत नाही, तुमच्याकडे पाणी गोठत असेल तर युक्काच बरा.

आणि आपली मृगाचा पाऊस पडला की रोप लावायची सवय इथे उपयोगाची नाही. इथे पाऊस हिवाळ्यात, म्हणून लावायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मुळं पावसात धरतात. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, पण कधीतरी आणि भरपूर, मग माती वाळू द्यायची. रोज स्प्रिंकलर सोडला तर गरम ओल्या चिकणमातीत मुळं कुजतात. थोडा उंचवटा करून लावा.

मोठं झाड महागच पडतं, कारण कुणीतरी ते वर्षानुवर्षं सांभाळलेलं असतं. माझं विचाराल तर युक्का मोठा घ्या, पैसे तिथे घाला, आणि ब्लू पाम लहानच, त्याला मुळं हलवलेली आवडत नाहीत.

उन्हाळ्यात गेलात तर सकाळीच जा, दुपारी ऊन भाजून काढतं. लहान मुलं असतील तर हात सोडू नका, अगाव्हेची (घायपाताची) काटेरी टोकं बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येतात.