रुंगहोल्टची चिखलवारी: बघायला काही नाही, तरी जा

आधीच सांगते, जर्मनीच्या उत्तर समुद्रकाठी बुडालेल्या रुंगहोल्ट गावाच्या जागी पैसे भरून तुम्हाला दिसणार तो नुसता चिखल. चर्च नाही, भिंत नाही, साधी पाटीही नाही. ‘बुडालेलं शहर’ ऐकून मोठा कॅमेरा घेऊन आलेल्या एका काकांचं तोंड अर्ध्या वाटेतच उतरलं होतं.

हॅम्बुर्गहून रेल्वेने हुझुम, पुढे बसने नॉर्डस्ट्रांड, आणि तिथून ओहोटीत गाइडच्या मागोमाग झ्यूडफाल बेटाकडे पायी. रुंगहोल्ट १६ जानेवारी १३६२च्या वादळी भरतीत गेलं. लोक माजले म्हणून देव कोपला, ही तिथली दंतकथा. गाइडने ती दोन वाक्यांत उरकली, बरं केलं. खरं कारण जास्त रंगतं: मिठासाठी लोक शेताखालचं खारट पीट (कुजलेल्या झाडपाल्याची जळाऊ माती) खणून जाळायचे, त्यामुळे जमीन बांधाच्या आत खाली खाली गेली. मी अलिबागकडची. खारबांधाला खांड पडली की शेताचं काय होतं ते पाहिलेलं आहे, त्यामुळे हा भाग मला कुणी समजावायची गरज नव्हती. रुंगहोल्ट ज्यावर होतं त्या स्ट्रांड बेटाचा उरलेला भागही १६३४च्या भरतीने फोडला. नॉर्डस्ट्रांड आणि पेलवोर्म हे त्याचेच तुकडे.

आंद्रेआस बुश या नॉर्डस्ट्रांडच्या शेतकऱ्याने १९२०च्या दशकात इथेच, लाटांनी गाळ धुऊन नेल्यावर, विहिरींचे अवशेष आणि उघाडीची (बांधातून पाणी सोडायच्या दरवाजाची) लाकडं शोधली. २०२३मध्ये जाहीर झालेलं चर्च तर मुख्यतः चुंबकीय मोजणीतून सापडलं. ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद. गाइडने काठीने रेघ ओढली, आम्हाला चारही कोपऱ्यांवर उभं केलं आणि म्हणाला, आता मधे बघा. मधे समुद्री गांडुळांनी काढलेल्या वाळूच्या वेटोळ्या होत्या, बस. पण एवढं मोठं चर्च म्हणजे गावही तेवढंच मोठं असणार, हे तेव्हा अंगावर आलं.

तक्रारी: बोलणं फक्त जर्मनमध्ये, त्यातलं अर्धं वाऱ्याने खाल्लं. वाटेत स्वच्छतागृह नाही, आडोसाही नाही. क्रॉक्स घालू नका, पहिल्याच ओढ्यात एक रुतून बसतो. अनवाणी किंवा लेस घट्ट बांधलेले जुने बूट. चिखलात खापर दिसलं तर उचलायचं नाही, दाखवायचं. आणि एकट्याने जाण्याचं धाडस तर अजिबात करू नका, भरती मागून येते.

हुझुमच्या निस्सेनहाउस संग्रहालयात रुंगहोल्टच्या वस्तू आहेत. त्या आदल्या दिवशी बघून घ्या, मगच चिखलात उतरा. पाचपैकी चार.