पिशवीचा रक्तपुरवठा वाढवायचा, की थेट आययूआय?

नळ्या उघड्या, बीज वेळेवर फुटतंय, नवऱ्याचा रिपोर्ट ठीक, आणि तरी दिवस राहत नाहीत. अशात सोनोग्राफीनंतर कुणी म्हणालं, ‘पिशवीला रक्तपुरवठा जरा कमी वाटतोय’, तर धक्का बसण्याऐवजी बरंच वाटतं. चला, कारण तरी सापडलं! मग फाईल फुगते. ॲस्पिरिनची छोटी गोळी, सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), अ‍ॅक्युपंक्चर. पलीकडे आययूआय (निवडक शुक्राणू थेट पिशवीत सोडणं) आणि आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) आहेतच. हातात पैसे आणि महिने दोन्ही मोजके असतील तर काय निवडावं?

आधी त्या रिपोर्टबद्दल. गर्भाशयाच्या धमनीत रक्ताला किती अडथळा होतो, ते डॉपलर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) ‘पीआय’ नावाच्या आकड्यात सांगतं. तो ३ च्या वर गेला की प्रवाह कमी धरण्याची पद्धत आहे. पण पाळीच्या दिवसांप्रमाणे हा आकडा वरखाली होतो. एका दिवसाच्या मोजणीवर वर्षभराची आखणी करू नये.

आकडा सुधारता येतो का? येतो. १९९६ साली स्वीडनमध्ये १० स्त्रियांना विजेच्या सौम्य प्रवाहासह सुया टोचल्या, तेव्हा त्यांचा पीआय खरोखर उतरला. अ‍ॅक्युपंक्चरची जाहिरात आजही याच बळावर चालते. पण आपल्याला आकडा नको, मूल हवंय. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मोठ्या चाचणीत आयव्हीएफ घेणाऱ्या ८४८ स्त्रियांपैकी निम्म्यांना खऱ्या सुया दिल्या, निम्म्यांना नुसता भास. मूल जन्मण्याचं प्रमाण १८.३ आणि १७.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच.

गोळ्यांची गत फार वेगळी नाही. सिल्डेनाफिलची चर्चा २००० साली गर्भाशयाचं अस्तर पातळ असलेल्या अवघ्या चार स्त्रियांच्या अनुभवावरून सुरू झाली. अस्तर फारच पातळ राहत असेल तर डॉक्टरांशी बोलावं. मात्र हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर ही गोळी घातक ठरते. ॲस्पिरिनने आयव्हीएफचं यश वाढतं, असं चाचण्या एकत्र करूनही दिसलेलं नाही. वारंवार गर्भपात होऊन रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (रक्ताच्या गुठळ्या घडवणारी) सापडली, तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिन या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांना नक्की जागा आहे, पण तो आजारच निराळा.

आता दुसरी बाजू. न्यूझीलंडमध्येच २०१ जोडप्यांची चाचणी झाली. कारण न सापडलेली आणि आपोआप दिवस राहण्याची शक्यता कमी असलेली ही जोडपी. निम्म्यांनी तीन महिने नुसती वाट पाहिली, निम्म्यांनी क्लोमिफिन किंवा लेट्रोझोल या बीज वाढवणाऱ्या गोळ्या घेऊन तीन वेळा आययूआय केलं. मूल झालं ९ टक्क्यांना आणि ३१ टक्क्यांना. एवढा फरक रक्तपुरवठ्याच्या एकाही उपायाने दाखवलेला माझ्या पाहण्यात नाही.

‘मग गोळ्यांऐवजी बीज वाढवणारी इंजेक्शनं घेऊ, रिझल्ट लवकर’ असंही सुचवलं जातं. अमेरिकेत ९०० जोडप्यांवर हे पडताळलं: आययूआयबरोबर इंजेक्शनं घेतलेल्यांपैकी ३२.२ टक्क्यांना मूल झालं, क्लोमिफिनवर २३.३ आणि लेट्रोझोलवर १८.७ टक्क्यांना. आकडा मोहक आहे खरा, पण इंजेक्शनांनी राहिलेल्या गर्भांपैकी जवळपास एक तृतीयांश जुळी किंवा तिळी होती. घरच्यांना ‘एकदम दोन’ ऐकून आनंद होतो. अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत असताना तो कितपत टिकतो, ते बाहेर बसलेल्या आईबापांनाच माहीत.

मला विचाराल तर वय तिशीच्या आसपास आणि प्रयत्नांना जेमतेम वर्ष झालेलं असेल, तर आणखी काही महिने थांबण्यात कमीपणा नाही. दोन वर्षं उलटली असतील तर गोळ्यांवर तीन-चार आययूआय, आणि नाही जमलं तर इंजेक्शनांचा टप्पा गाळून आयव्हीएफ. अडतिशी ओलांडली असेल तर सरळ आयव्हीएफचंच बोला. तिथे सुयांवर गेलेले सहा महिने पैशांपेक्षा महाग पडतात.

आणि रक्तवाहिन्यांचीच काळजी असेल, तर निकोटिन त्या आकसवतं. ते मिशरीतही असतं. ‘सिगारेट ओढता का?’ याला बायका खरं तेच सांगतात, ‘नाही’. मिशरीचं कुणी विचारत नाही. डॉक्टरांनी नाही विचारलं, तर आपण होऊन सांगावं. नवऱ्याच्या गुटख्याचंही त्याच बैठकीत निघू दे.